नकाशाला सूट, म्हणून नकाशाच नाही?

दहावीचा भूगोलाचा पेपर आठवतोय? 40 मार्क, दोन तास आणि भारत-ब्राझीलचे ते नकाशे. ॲमेझॉन कुठून काढायची, मनौस नेमकं कुठे टिंबवायचं, यावर आपण सगळ्यांनीच डोकं खाजवलंय. आता समजा, आपल्याच वर्गात एक मित्र आहे, त्याला दिसत नाही. नकाशाचा तास सुरू झाला की त्याने काय करायचं?

परीक्षेत त्याची सोय आहे. दिव्यांग विद्यार्थ्यांना तासाला 20 मिनिटं जादा मिळतात, म्हणजे भूगोलाला एकूण दोन तास 40 मिनिटं. खालच्या इयत्तेतला लेखनिक घेता येतो. काही प्रवर्गांना आकृत्या, आलेख, नकाशे काढण्यातूनही सूट आहे. या सवलती हव्यातच, त्यात वादच नाही. गडबड त्याच्या आधी होते, वर्गात. पेपरात नकाशा नाही म्हटल्यावर शिकवतानाही तो सोडून द्यायचा मोह होतो. ‘तू फक्त ऐक, टिपणं पाठ कर.’ मार्क मिळतात, पण तापी आपल्या जिल्ह्यातून कुठल्या दिशेला वाहते हे त्या पोराला कळतच नाही.

विशेष शिक्षकांनी हे बघायचं ना? हो, पण ते आहेत किती? सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये सांगितलं, की माध्यमिकला अशा 15 विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक हवा, प्राथमिकला 10 मागे एक. राज्य मंत्रिमंडळाने 2024 मध्ये केंद्रस्तरावर 4,860 पदांना मान्यता दिली. केंद्र म्हणजे एक शाळा नाही बरं का, आजूबाजूच्या अनेक शाळांचा गट. फिरतीवर असलेला माणूस आधी वाचन-लेखन आणि गणितच हातात घेणार, साहजिक आहे. इतिहास-भूगोलाचा नंबर लागेपर्यंत तास संपतो.

खरं तर याच विषयाला हाताने शिकवणं सगळ्यात सोपं. एक जाड पुठ्ठा घ्या. जिल्ह्याच्या हद्दीला सुतळी, तापीला लोकर, उत्तरेला सातपुड्यासाठी मातीची रांग. दक्षिणेकडून येणाऱ्या गिरणा आणि पांझरा बारीक दोऱ्याने तापीला आणून मिळवायच्या. रावेर-यावलला केळीच्या वाळक्या पानाची पट्टी, कपाशीच्या भागात कापसाचा बोळा. फेविकॉल वाळला, की बोट फिरवत बसायचं. पूर्वेकडून पश्चिमेकडे. ‘तापी पश्चिमवाहिनी आहे’ हे वाक्य मग पाठ करावं लागत नाही. आणि हा पुठ्ठा फक्त त्या एका मुलाचा राहत नाही. अक्षरं उलटसुलट दिसणारी मुलं, छापील नकाशात गोंधळणारी मुलंही त्याच्याभोवती जमतील. (मला स्वतःला दहावीत असा मिळाला असता तर मीही हात घातला असता.)

इतिहास-राज्यशास्त्राची अडचण वेगळी. तिथे ‘सार्वभौम’, ‘धर्मनिरपेक्ष’ असे शब्द खुणांच्या भाषेत किंवा सोप्या मराठीत आणणं खरंच अवघड आहे. त्यावर पुठ्ठा चालत नाही.

‘पण पुढे जाऊन त्यांना नकाशा लागतो कुठे?’ असं कुणी म्हणालंच, तर प्रांजल पाटील यांचं नाव सांगा. सहाव्या वर्षी दृष्टी गेली, मुंबईत झेवियर्समधून राज्यशास्त्राची पदवी घेतली, पुढे जेएनयूत शिकल्या आणि 2017 च्या यूपीएससीत 124 वी रँक. आपल्या जळगावातही दीपस्तंभ फाउंडेशनच्या मनोबल प्रकल्पात दिव्यांग मुलं स्पर्धा परीक्षांची तयारी करतात. तिथल्या अभ्यासक्रमात भूगोल असतोच. आठवी-नववीत सुटलेला नकाशा मग विशीत पहिल्यापासून शिकावा लागतो.

बी.एड. करणाऱ्यांनो, एनएसएसवाल्यांनो, रविवारचे दोन तास आणि रद्दीतला पुठ्ठा पुरेल. जवळच्या शाळेतल्या भूगोलाच्या सरांना किंवा मॅडमना आधी भेटा, सध्या कुठला धडा चालू आहे ते विचारा. सुरुवात जळगाव-धुळे हायवेने करायलाही हरकत नाही. जाड दोरा ताणायचा, एरंडोलला एक गाठ, पारोळ्याला दुसरी, धुळ्याला तिसरी.