एक आणि आठ: दोन करारी प्रकृतींतील भेद

अन्यायाची चीड असलेली करारी माणसे सातारा आणि सांगलीच्या परिसराने इतकी दिली आहेत की, अशा माणसांच्या अंतःकरणातील सूक्ष्म भेद पारखावयाचा झाल्यास उदाहरणांसाठी दूर जाण्याचे कारण पडू नये. एनिअ‍ॅग्राम नावाच्या स्वभावमीमांसेत वर्तुळावरील नऊ बिंदूंनी नऊ प्रकृती दर्शविल्या जातात. गुर्जिएफने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शिकविलेल्या या आकृतीवर बोलिव्हियात जन्मलेले ऑस्कर इचाझो आणि चिलीचे मनोविकारतज्ज्ञ क्लॉडिओ नारांजो यांनी १९७० च्या सुमारास आजच्या मांडणीचा पाया घातला. प्रयोगसिद्ध शास्त्राची प्रतिष्ठा तिला नाही, तथापि आत्मपरीक्षणास ती साहाय्य करते, असे माझे मत आहे.

या नवांपैकी पहिली प्रकृती तत्त्वनिष्ठ सुधारकाची आणि आठवी बलिष्ठ संरक्षकाची. दोहोंच्या मुळाशी क्रोध असल्यामुळे बाहेरून पाहणाऱ्याची वारंवार फसगत होते. परंतु पहिल्या प्रकृतीचा मनुष्य आपला क्रोधही सदोष मानून तो आत कोंडतो आणि मग तो धुमसत राहतो. आठव्याचा क्रोध तत्काळ बाहेर पडतो आणि तितक्याच लवकर ओसरतो. आपल्या हातून कसूर होईल ही पहिल्याची धास्ती. आपल्यावर दुसऱ्याचा अंमल बसेल ही आठव्याची.

साताऱ्यालगतच्या माहुलीचे रामशास्त्री प्रभुणे हे मला पहिल्या प्रकृतीचे निर्मळ उदाहरण वाटतात. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाल्यावर, ज्याच्या हाती सारी सत्ता आली होती त्या रघुनाथरावालाच शास्त्रीबुवांनी देहांत प्रायश्चित्त सांगितले आणि ते पुणे सोडून गेले. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, त्यांनी फौज जमविली नाही, प्रतिपक्ष उभारला नाही. धर्मशास्त्राचा निर्णय उच्चारला आणि अशा दरबारची चाकरी नाकारली. स्नानसंध्येत रमून राज्यकारभाराची हयगय करणाऱ्या माधवरावांनाही, त्यांच्यावर लोभ असताना, त्यांनी तितक्याच स्पष्टपणे फटकारल्याची कथा परंपरेने जपली आहे. स्नेही असो वा अपराधी, नियम एकच, आणि तो सांगणाराही त्या नियमाखालीच उभा.

क्रांतिसिंह नाना पाटलांची रीत निराळी. येडेमच्छिंद्रच्या या पुरुषाने तलाठ्याची नोकरी सोडून स्वातंत्र्यलढ्यात उडी घेतली, आणि १९४२ नंतर, आजच्या सांगलीचा मोठा भाग ज्यात मोडत होता त्या सातारा जिल्ह्यात, प्रतिसरकार उभे केले. परकीय सत्तेचा इनसाफ मान्य नाही, तर गावोगाव आपली न्यायमंडळे आणि रयतेच्या रक्षणास तुफान सेना, असा हा कारभार १९४६ पर्यंत चालला. स्वराज्य आल्यावरही सत्तेच्या छायेत ते विसावले नाहीत. १९५७ मध्ये सत्तारूढ काँग्रेसच्या विरोधात साताऱ्यातून लोकसभेवर निवडून आले. सत्ता कोणाचीही असो, दुर्बलावर ती जड होते असे दिसताच पुढे सरसावणे, ही आठव्या प्रकृतीची ओळख होय.

वाचकाने आपल्या भोवताली हा भेद सहज पडताळून पाहावा. एखाद्या विधवेच्या सातबाऱ्यावरील नोंदीसाठी चावडीवर तिला हेलपाटे घालावे लागत असतील, तर पहिल्या प्रकृतीचा माणूस ‘हे कोणत्या कायद्यात बसते?’ असे विचारील. आठव्याचा म्हणेल, ‘माझ्यादेखत या बाईला कोणी फिरवायचे नाही.’ दोघांचाही आवाज चढलेला असेल, म्हणून आवाजावरून निदान करू नये. तो माणूस कशाचा आधार घेतो ते पाहावे.

कर्मवीर भाऊराव पाटलांविषयी मात्र मतभेद संभवतो. त्यांची साधी राहणी आणि स्वावलंबनाचा कडक आग्रह पाहून कोणी त्यांना पहिल्या प्रकृतीत बसवील. परंतु १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापून १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह काढणाऱ्या, आणि ते चालविण्यासाठी पत्नी लक्ष्मीबाईंचे दागिने खर्ची पडले तरी मागे न हटणाऱ्या ‘अण्णां’ची प्रेरणा नियमाची शुद्धता ही नव्हती, या पोरांना कोणी लाथाडू नये, ही होती. एनिअ‍ॅग्रामचे जाणकार सांगतात की, आठवी प्रकृती परिपक्व झाली म्हणजे तिच्यातील बळाला दुसऱ्या प्रकृतीचे वात्सल्य येऊन मिळते. त्या वसतिगृहाकडे पाहता कर्मवीरांची गणना मी निःशंकपणे आठव्या प्रकृतीत करतो.