ओव्हरड्राफ्ट फेडण्यासाठी क्रेडिट कार्ड?



चंद्रपूरच्या महाऔष्णिक विद्युत केंद्राची वसाहत असलेल्या ऊर्जानगरातील एका गृहस्थांनी रविवारच्या मिस्सानंतर आम्हांस एक प्रश्न विचारला. (हा संवाद पापनिवेदनाच्या कक्षातील नव्हे, म्हणूनच येथे लिहिता येतो.) पगाराच्या खात्यावर शिलकीपेक्षा अधिक रक्कम उचलण्याची, म्हणजे ओव्हरड्राफ्टची, सवलत त्यांनी मुलीच्या अभियांत्रिकी प्रवेशासाठी पूर्ण वापरली होती. आता पगार जमा होताच त्या खड्ड्यात जातो आणि घरखर्चासाठी पुन्हा तेथूनच उचल करावी लागते. क्रेडिट कार्डावरून पन्नास हजार रुपये उचलून खाते एकदाचे मोकळे करावे काय? पत्नीला यातले काहीच ठाऊक नव्हते.

हा प्रश्न इतरांनाही पडत असणार, म्हणून उत्तर येथे सविस्तर देत आहोत.

ओव्हरड्राफ्टवर व्याज लागते ते प्रत्यक्ष वापरलेल्या रकमेवर, रोजच्या बाकीनुसार. आणि त्याचा दर वर्षाचा सांगितला जातो. कार्डाचा दर बहुधा महिन्याचा सांगितला जातो. माणूस फसतो तो येथेच, कारण साडेतीनचा आकडा चौदापेक्षा लहान दिसतो. उदाहरणादाखल हेच दर धरू. ५०,००० रुपयांवर वार्षिक १४ टक्क्यांनी महिन्याचे व्याज सुमारे ५८३ रुपये होते. तेवढीच रक्कम कार्डावरून रोख काढल्यास मासिक ३.५ टक्क्यांनी १,७५० रुपये व्याज, २.५ टक्के उचल शुल्काचे १,२५० रुपये आणि या दोहोंवर १८ टक्के जीएसटीचे ५४० रुपये, असे पहिल्याच महिन्यात ३,५४० रुपये जातात. शिवाय खरेदीवर मिळणारी बिनव्याजी मुदत रोख रकमेला नसते. व्याज पहिल्या दिवसापासून सुरू होते. बिलावरील ‘किमान देय रक्कम’ भरून विलंब शुल्क टळते, कर्ज मात्र जवळपास तेवढेच राहते.

काही दुकानदार यंत्रावर कार्ड घासून खोटी विक्री दाखवितात आणि टक्का कापून रोख हाती देतात. तो सरळ असत्य व्यवहार आहे. त्या वाटेस जाऊ नये.

कार्डावर ठरावीक हप्त्यांचे कर्जही मिळते. त्याचा दर ओव्हरड्राफ्टपेक्षा खरोखर कमी असेल, प्रक्रिया शुल्क धरूनही हिशेब जुळत असेल आणि हप्ता पगारात बसत असेल, तर त्याचा विचार करण्यास हरकत नाही. पण आपल्या मते त्याआधी दोन दारे ठोठावावीत. ओव्हरड्राफ्टचे रूपांतर हप्तेबंद मुदत कर्जात करून देता येईल का, हे त्याच बँकेला विचारावे. आणि नोकरदारांच्या सहकारी पतसंस्थेचे सभासद असाल तर तेथील दर पाहावा.

ख्रिस्तसभेला ही चिंता नवी नाही. सावकाराच्या पाशातून आदिवासींना सोडविण्यासाठी जेसुइट फादर हॉफमन यांनी १९०९ साली छोटानागपूरच्या वनप्रदेशात कॅथॉलिक सहकारी पतसंस्था उभारली. वसईत मॉन्सिन्योर पी. जे. मोनिस यांच्या पुढाकाराने १९१८ साली सुरू झालेली पतसंस्था पुढे बॅसीन कॅथॉलिक बँक म्हणून नावारूपास आली. दोन्ही ठिकाणी धर्मगुरूंनी हिशेबाच्या वह्या हाती घेतल्या, हे आम्हांस विशेष वाटते. आमच्या सेमिनरीत तो विषय नव्हता.

राहता राहिली ती सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ओव्हरड्राफ्ट कोणत्याही मार्गाने फिटला तरी त्याची मर्यादा आपोआप बंद होत नाही. खाते मोकळे दिसते, सणासुदीला पुन्हा उचल होते आणि मग दोन्हीकडची देणी अंगावर येतात. म्हणून रक्कम भरल्याबरोबर, त्याच दिवशी, ती मर्यादा रद्द किंवा कमी करण्याचा लेखी अर्ज बँकेत द्यावा व त्याची पोच घ्यावी. त्या गृहस्थांना आम्ही हेच सांगितले, आणि अर्ज लिहिण्यास पत्नीसह बसावे, असेही सुचविले.