खोलीचं भाडं ठरलं, पण लाइटबिलाचं काय? पुण्यापासून परदेशापर्यंत घरमालकाशी कसं बोलायचं

मोलगी म्हटलं की आमचूर आणि भगर आठवते. पण दरवर्षी निकाल लागले की सातपुड्यातल्या या गावातून आणि आसपासच्या पाड्यांतून मुलं-मुलीही बाहेर पडतात. कुणी नंदुरबारला, कुणी नाशिक-पुण्याला, तर एखादं शिष्यवृत्ती मिळवून थेट परदेशात जातं. वसतिगृहात नंबर लागला तर ठीक, नाहीतर भाड्याची खोली शोधावी लागते.

खोली बघताना सगळे एकच प्रश्न विचारतात, "भाडं किती?" महिना संपल्यावर मात्र लाइटबिल, पाण्याचे पैसे, मोटारीचा खर्च, जिन्यातला दिवा असं एकेक वाढत जातं आणि ठरलेल्या भाड्यावर पाचशे-हजार रुपये चढतात.

ही रक्कम छोटी नाही. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या आदिवासी विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ मध्ये पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजना सुरू झाली. त्या वेळी पुणे-मुंबईसारख्या शहरांत वर्षाचा निवासभत्ता २०,००० रुपये ठरला होता, म्हणजे महिन्याला १,६७० रुपयांच्या आत. त्यातले तीनशे रुपये चुकीच्या हिशोबात गेले तर जवळजवळ पाचवा हिस्सा गेला.

मग घरमालकाशी बोलायचं कसं? आधी हिशोब समजून घेऊ.

मालक युनिटला ११-१३ रुपये का लावतो?

"सरकारी दर सहा रुपये आणि मालक बारा घेतो, म्हणजे लुटतोच," असं अनेकांना वाटतं. दर वेळी ते खरं नसतं.

महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्याने वाढतात. टप्पे असे: ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या पुढे. २०२४-२५ मध्ये वहन आकार धरून पहिल्या टप्प्याचा दर युनिटला साधारण ६ रुपये, दुसऱ्याचा साडेअकरा आणि तिसऱ्याचा पावणेसोळाच्या आसपास होता. त्यावर साधारण १३० रुपये स्थिर आकार आणि १६ टक्के वीज शुल्क. दर बदलत राहतात, पण हिशोबाची पद्धत हीच.

आता एक घर धरा. चार खोल्यांत प्रत्येकी ७५ युनिट आणि मालकाचे स्वतःचे १००, असे एका मीटरवर ४०० युनिट झाले.

- पहिले १०० युनिट: ६०० रुपये
- पुढचे २०० युनिट: २,३०० रुपये
- शेवटचे १०० युनिट: १,५७५ रुपये

स्थिर आकार आणि वीज शुल्क मिळवून बिल साधारण ५,३४० रुपये होतं. भागिले ४००, म्हणजे युनिटला १३ रुपयांच्या थोडं वर. तुमच्या ७५ युनिटचे सुमारे १,००० रुपये. तुमचं स्वतःचं वेगळं मीटर असतं तर तेवढ्याच विजेचे साधारण ६७० रुपये झाले असते.

म्हणजे इथे मालकाने एक पैसाही खाल्लेला नाही, तरी तुम्हाला ३३० रुपये जास्त पडले. सगळ्यांचा वापर एकाच मीटरवर मोजल्यामुळे स्वस्त टप्पा लगेच संपला.

मग गडबड कुठे होते?

एक, मालक स्वतःचा वापर पहिल्या स्वस्त टप्प्यात धरतो आणि महाग युनिट भाडेकरूंच्या नावावर टाकतो. मीटर एकच असेल तर सगळ्यांना सारखा सरासरी दर लागला पाहिजे.

दोन, वर्षभर एकच ठरलेला दर. "आमच्याकडे १५ रुपये युनिट" असं सांगितलं जातं. पण कमी वापराच्या महिन्यात सरासरी दर खाली येतो. वरच्याच घरात एकूण २५० युनिट जळले तर तो सुमारे साडेअकरा रुपये होतो. वरचे साडेतीन रुपये कशाचे, हे विचारायला हवं.

तीन, माणशी ठरलेली रक्कम. सबमीटर नाही, प्रत्येकी महिना ५०० रुपये. दिवाळीला किंवा काठीच्या होळीला तुम्ही पंधरा दिवस गावी असलात तरी तेवढेच.

चार, मोटार, जिन्यातला दिवा आणि गेटवरचा दिवा तुमच्याच सबमीटरवर जोडलेला असणं. तपासणं सोपं आहे. खोलीतलं सगळं बंद करा आणि सबमीटर फिरतोय का ते बघा. फिरत असेल तर मालकाला बोलावून दाखवा.

काय मागता येतं आणि काय नाही

विजेचा दर महाराष्ट्र वीज नियामक आयोग ठरवतो, त्यामुळे "दर कमी करा" म्हणून उपयोग नाही. वाटणी कशी करायची, हे मात्र बोलून ठरवता येतं, आणि डिपॉझिट देण्याआधी बोललात तर तुमच्या शब्दाला वजन असतं. या पाच गोष्टी ठरवून घ्या:

१. दर महिन्याला मूळ बिल बघायला मिळेल.
२. युनिटचा दर म्हणजे बिलाची एकूण रक्कम भागिले एकूण युनिट. त्यात मागची थकबाकी किंवा दंड धरायचा नाही.
३. राहायला आल्याच्या दिवशी सबमीटरचं रीडिंग दोघांनी मिळून बघायचं आणि फोटो काढायचा.
४. मोटार आणि जिन्याच्या दिव्याचा खर्च सगळ्या खोल्यांत वाटायचा.
५. माणशी रक्कम असेल तर सलग पंधरा दिवस खोली बंद असताना ती निम्मी घ्यायची.

भांडण नको असेल तर व्हॉट्सॲपवर साधा मेसेज पुरे:

"काका, नमस्कार. आज खोली घेतली. सबमीटरचं रीडिंग ४,३१२ आहे, फोटो सोबत पाठवतोय. ठरल्याप्रमाणे दर महिन्याला बिलाचा फोटो टाकाल का? एकूण रक्कम भागिले एकूण युनिट या दराने मी पाच तारखेच्या आत पैसे देईन."

शेवटचं वाक्य विसरू नका. पैसे वेळेवर मिळतील हा शब्द मालकाला हवा असतो. त्याच्या बदल्यात तो हिशोब दाखवायला सहसा तयार होतो.

कायदा काय म्हणतो?

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार योग्य कारणाशिवाय घरमालकाला भाडेकरूचं पाणी किंवा वीज तोडता येत नाही (कलम २९). हा कायदा लागू असलेल्या भागात भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे (कलम ५५). नोंदणी नसेल तर वादात अटींबद्दल भाडेकरू जे सांगतो ते, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरलं जातं. म्हणून लाइटबिलाची वाटणी करारातच एका ओळीत लिहून घ्या.

वीज कायदा, २००३ चं कलम ४३ सांगतं की मालकच नाही, तर जागेत राहणारी व्यक्तीही वीजजोडणीसाठी अर्ज करू शकते. प्रत्यक्षात भाडेकरार किंवा मालकाची संमती लागते, आणि एका खोलीसाठी वेगळं मीटर मिळणं अवघड जातं. पण चौघांनी मिळून अख्खा फ्लॅट घेणार असाल तर त्याचं स्वतंत्र मीटर आहे का, हे आधी बघा.

परदेशात गेलात तर

आदिवासी विकास विभागाच्या परदेशी शिष्यवृत्तीवर किंवा कर्ज काढून गेलेल्यांना हाच प्रश्न मोठ्या आकड्यात भेटतो. तिथे मोठा खर्च पंख्याचा नसतो, घर गरम ठेवण्याचा असतो.

ब्रिटनमध्ये "बिल्स इन्क्लुडेड" अशी जाहिरात दिसली तर वापराला मर्यादा आहे का, ते विचारा. अनेक करारांत ठरावीक रकमेच्या वरचा खर्च विद्यार्थ्यांवर येतो. मालक वीज-गॅसचे पैसे वापराप्रमाणे वेगळे घेत असेल तर ऑफजेम या नियामकाच्या नियमानुसार त्याला स्वतः भरलेल्या दरापेक्षा जास्त दर लावता येत नाही. घरात सगळे पूर्णवेळ विद्यार्थी असतील तर कौन्सिल टॅक्स माफ असतो. त्यासाठी विद्यापीठाचं पत्र लागतं.

जर्मनीत जाहिरातीत दोन भाडी दिसतात. काल्टमीटे म्हणजे नुसत्या जागेचं भाडं. वार्ममीटे म्हणजे त्यात पाणी, कचरा, हीटिंग असे खर्च मिळवून. वीज आणि इंटरनेट बहुतेकदा त्याच्याही बाहेर असतं. हे खर्च दरमहा अंदाजाने घेतले जातात आणि वर्षातून एकदा हिशोब होतो. हिशोबाचं वर्ष संपल्यापासून १२ महिन्यांत मालकाने तो दिला नाही, तर त्याला सहसा वाढीव रक्कम मागता येत नाही. हिशोब मिळाल्यावर तुम्हालाही हरकत घ्यायला १२ महिने असतात. हीटिंगचा खर्च नियमाप्रमाणे वापर मोजून लावला नसेल तर त्यातून १५ टक्के कापण्याचा हक्क भाडेकरूला आहे. शंका आली तर शहरातल्या मीटरफेराइन, म्हणजे भाडेकरू संघटनेचं सदस्य होऊन सल्ला घेता येतो.

दोन्ही देशांत करारावर सही करण्याआधी हे प्रश्न ईमेलवर विचारा: भाड्यात कोणते खर्च आहेत? कोणते नाहीत? वापर कसा मोजता? मागच्या वर्षीच्या भाडेकरूला हिवाळ्यात महिन्याला किती खर्च आला? चौथ्या प्रश्नाचं उत्तर टाळलं जात असेल तर दुसरी खोलीही बघून ठेवा.

खोली सोडताना

शेवटच्या दिवशी पुन्हा मीटरचा फोटो काढा, त्या रीडिंगपर्यंतचा हिशोब करून पैसे द्या आणि "वीज-पाण्याचं येणं बाकी नाही" एवढं मालकाकडून मेसेजवर लिहून घ्या. डिपॉझिटमधून "अंदाजे लाइटबिल" कापलं जातं ते इथेच. दोन फोटो आणि एक ओळ हाताशी असली की अंदाजाला जागा उरत नाही.