क्षयजन्य मस्तिष्कावरणदाहाचे रेणवीय निदान : एचआयव्हीबाधित रुग्णांच्या संदर्भात

प्रस्तावना
क्षयजंतूंमुळे मेंदूच्या आवरणास येणारी सूज म्हणजे क्षयजन्य मस्तिष्कावरणदाह होय. क्षयरोगाच्या प्रकारांत हा सर्वाधिक घातक मानला जातो. एचआयव्हीबाधितांमध्ये त्याचा धोका व मृत्युप्रमाण दोन्ही अधिक असतात. ताप, डोकेदुखी, गुंगी ही लक्षणे क्रिप्टोकॉकस बुरशीच्या संसर्गातही आढळत असल्याने केवळ लक्षणांवरून निदान करणे कठीण ठरते.

निदानातील अडचण
पाठीच्या कण्यातून काढलेल्या मस्तिष्कमेरुद्रवात क्षयजंतू अत्यल्प असतात. त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली ते बहुधा दिसत नाहीत. जंतुसंवर्धनास काही आठवडे लागतात. तेवढा अवधी रुग्णापाशी नसतो.

रेणवीय चाचण्या
जंतूच्या डीएनएचा विशिष्ट भाग बहुगुणित करून तो ओळखणे, हे या चाचण्यांचे तत्त्व होय. 'एक्सपर्ट एमटीबी/आरआयएफ' ही स्वयंचलित चाचणी सुमारे दोन तासांत क्षयजंतू व रिफॅम्पिसिन औषधास असलेला त्यांचा रोध दर्शविते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये मस्तिष्कमेरुद्रवासाठी तिची शिफारस केली. २०१७ मध्ये 'अल्ट्रा' ही सुधारित आवृत्ती आली. जंतूच्या जनुकसंचात अनेकदा पुनरावृत्त होणारे आयएस६११० व आयएस१०८१ हे घटक ती शोधते. दक्षिण भारतातील काही क्षयजंतूंमध्ये आयएस६११० आढळत नाही. तेथे दुसरा घटक उपयोगी पडतो. मूळ चाचणीस एका मिलिलिटरमध्ये शंभराहून अधिक जंतू लागत, अल्ट्रास सुमारे १६ पुरतात.

युगांडातील १२९ एचआयव्हीबाधित प्रौढांच्या साठविलेल्या नमुन्यांवरील अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. निश्चित वा संभाव्य निदानाच्या २३ रुग्णांपैकी अल्ट्राने सुमारे ७० टक्के, तर मूळ चाचणी व जंतुसंवर्धन यांनी प्रत्येकी सुमारे ४३ टक्के रुग्ण ओळखले.

मर्यादा
हीच आकडेवारी दुसऱ्या बाजूनेही वाचावयास हवी. दहांपैकी सुमारे तीन रुग्ण अल्ट्रासही सापडले नाहीत. नमुन्यात जंतूच आला नसेल, तर कोणतीही चाचणी तो दाखवू शकत नाही. म्हणून अधिक द्रव घेऊन अपकेंद्रित्राद्वारे मिळालेला साका तपासणे हितावह ठरते. अल्ट्राचा 'अत्यल्प अंश' हा निकाल या रुग्णांत होकारार्थीच मानला जातो. मात्र त्यावरून औषधरोध कळत नाही.

निष्कर्ष
होकारार्थी निकाल उपचारास दिशा देतो. नकारार्थी निकाल रोग नसल्याची ग्वाही देत नाही. प्रबळ संशय असल्यास उपचार न थांबविणे हेच शास्त्रसंमत होय.