पाच महिन्यांची ‘थोरली’

‘‘बाई, तुमची मुलगी फार मोठी आहे हो!’’ आस्थापना विभागातले गृहस्थ अर्जावरची नजर न काढता म्हणाले.

मुलगी पाच महिन्यांची होती. धड पालथेही पडत नव्हती.

ही गोष्ट २०१९ सालची. लग्नाला अकरा वर्षे झाल्यावर आम्ही दत्तक घ्यायचे ठरवले. घरातले रुसवेफुगवे, नावनोंदणी, वाट पाहणे ही कहाणी सांगत बसत नाही; ज्यांनी वाट पाहिली आहे त्यांना ती ठाऊक आहे. एके दिवशी संगणकावर फोटो आला. होकाराला ४८ तासांची मुदत. ह्यांनी तो दोन मिनिटांत कळवला!

आणि मग रजेचा अर्ज. १९६१ च्या मूळ प्रसूतिलाभ कायद्यात दत्तक आईचे नावच नव्हते. २०१७ साली दुरुस्ती झाली आणि मूल हाती आल्यापासून १२ आठवडे भरपगारी रजा ठरली. जन्मदात्रीला २६. त्यावरून मी भांडणार नाही. बाळंतपणाच्या कळा मी सोसलेल्या नाहीत. मेख पुढच्या ओळीत होती. मूल तीन महिन्यांहून लहान हवे होते!

आता तुम्हीच हिशेब मांडा. आईने मूल स्वाधीन केले, तर तिला फेरविचाराला दोन महिने मिळतात. मिळायलाच हवेत, त्या माउलीची घालमेल आपण काय जाणणार? टाकून दिलेले तान्हे असेल, तर त्याच्या माणसांचा शोध घ्यायलाही तेवढेच दिवस. त्यानंतर मूल दत्तकास मोकळे असल्याचा दाखला, तपासण्या, पालकांची निवड, कागदपत्रे. एक कायदा म्हणत होता थांबा, दुसरा म्हणत होता उशीर केलात!

नणंद केंद्र सरकारच्या नोकरीत. ती हळहळली. ‘‘वहिनी, आमच्याकडे असतीस तर १८० दिवस मिळाले असते गं. मूल वर्षाच्या आतलं असलं की झालं. बाप सरकारी नोकरीत असला तर त्यालाही १५ दिवस.’’

माझ्या खात्यावर हक्काची रजा उरली होती १९ दिवस. ती घेतली, पुढचे सहा आठवडे बिनपगारी मागितले आणि लेकीला घरी आणले.

ती रडायचीच नाही. दूध पाजा, पिई. खाली ठेवा, छताकडे बघत पडे. शेजारणी म्हणाल्या, ‘‘किती शहाणी!’’ सासूबाई मात्र स्वयंपाकघरात हळूच मला म्हणाल्या, ‘‘शहाणी नव्हे गं. पाहुणी आहे ती अजून.’’

चोविसाव्या रात्री दोनच्या सुमाराला तिने टाहो फोडला. ह्यांनी घेतले, सासूबाईंनी घेतले, राहीना. मी घेतल्याबरोबर गाऊनची बाही मुठीत धरून ती हुंदके देत निजली.

‘‘आली हो घरी,’’ सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी दिवा मालवला.

माझी पगारी रजा संपून तेव्हा पाच दिवस झाले होते.