चावीची दोन कामं

आलापल्लीहून भामरागडकडे निघालं की साठ-पासष्ट किलोमीटर जंगलच जंगल. बऱ्याच पट्ट्यात मोबाइलला रेंज नसते. अशा ठिकाणी चहाला किंवा पाय मोकळे करायला उतरलात, गाडी लॉक केली आणि परत येऊन पाहता तर रिमोट मुका. बटण दाबदाबून बोट दुखतं, दार काही उघडत नाही. ‘आता गाडी इथेच राहणार’ असं वाटून लोक हातपाय गाळतात, आणि दार उघडणारं लोखंड त्यांच्या मुठीतच असतं.

हा गैरसमज आधी दूर व्हायला हवा. बटणस्टार्ट गाडीच्या रिमोटमध्ये साधी धातूची चावी दडवलेली असते. रिमोटच्या कडेला किंवा मागे एक छोटा खटका असतो. तो दाबून ओढलं की चपटं पातं बाहेर येतं. ते ड्रायव्हरच्या दाराला लागतं. ‘पण माझ्या गाडीला कुलपाचं भोकच नाही’ असं पुष्कळ जण सांगतात. भोक असतं, मात्र काही गाड्यांत ते हँडलच्या टोकाला बसवलेल्या प्लास्टिकच्या टोपीखाली लपलेलं असतं. टोपीच्या खालच्या बाजूला बारीक खाच असते. हँडल ओढून धरायचं, खाचेत पात्याचं टोक घालून टोपी हळूच उचकटायची, की कुलूप दिसतं. अंधारात, घाईत हे पहिल्यांदा करणाऱ्याच्या हातून टोपी तुटते. मोहर्लीच्या रस्त्याला, ताडोबाच्या बफरमध्ये, संध्याकाळी गाडीबाहेर उभं राहून ही टोपी शोधायची वेळ कुणावर येऊ नये. म्हणून घरच्या अंगणात, दिवसाउजेडी, घरात जे जे गाडी चालवतात त्या सगळ्यांनी हे एकदा करून पाहावं असं मी आग्रहानं सांगतो.

घुग्घुस-बल्लारपूरकडच्या लोकांना आणखी एक सांगणं आहे. वर्षानुवर्षं न वापरलेल्या कुलपात कोळशाची धूळ बसते आणि पातं अर्ध्यावर अडतं. तिथे जोर लावला तर पातं वाकतं. दोन-तीन महिन्यांनी एकदा चावी घालून फिरवली तर कुलूप मोकळं राहतं. खोबरेल तेल मात्र घालू नका, त्यावर धूळ आणखी चिकटते. ग्रॅफाइटची कोरडी पूड चांगली.

पात्यानं दार उघडताच हॉर्न बोंबलू लागला तर घाबरायचं कारण नाही. गाडीला रिमोटची खूण मिळालेली नाही, म्हणून काही गाड्या चोर समजून ओरडतात. ओळखीच्या चावीनं इग्निशन चालू झालं की आवाज थांबतो.

आता पुढचा प्रश्न. दार उघडलं, पण इंजिन कसं चालू करायचं? चावीची कामं दोन आहेत आणि ती वेगवेगळ्या भागांची आहेत. धातू कुलूप उघडतो. इंजिनाला परवानगी देते ती रिमोटच्या पोटातली चिप. या चिपला स्वतःचा सेल लागत नाही. गाडीतली तारेची कॉइल बहुतेक १२५ किलोहर्ट्झची लहर सोडते, त्या लहरीतूनच चिपला वीज मिळते आणि ती आपला सांकेतिक क्रमांक सांगते. अंतर मात्र दोन-चार सेंटिमीटरांपलीकडे चालत नाही. म्हणून सेल संपलेला रिमोट खिशात ठेवून उपयोग नाही, तो जागेवर टेकवावा लागतो. टोयोटाच्या अनेक गाड्यांत ब्रेक दाबून रिमोटची चिन्हाची बाजू स्टार्ट बटणाला टेकवतात, मग बटण दाबतात. ह्युंदाईच्या कित्येक गाड्यांत बटण बोटाऐवजी रिमोटनंच दाबायचं असतं. काही कंपन्यांनी कन्सोलमध्ये खास जागा दिलेली असते. गिअर हाताचे असतील तर ब्रेकऐवजी क्लच. आपल्या गाडीची जागा पुस्तिकेत पाहून ठेवावी.

याच चिपमुळे बाजारात कापून घेतलेली डुप्लिकेट चावी फसवते. दार झकास उघडतं, स्टार्टर फिरतो, काही गाड्यांत इंजिन क्षणभर लागतं आणि बंद पडतं. चावी कापणाऱ्याचा त्यात दोष नाही. त्यानं धातू बरोबर कापलेला असतो, पण चिप गाडीशी जोडून घ्यायला वेगळं यंत्र लागतं. युरोपात १९९८पासून नव्या मोटारींना ही इमोबिलायझरची व्यवस्था सक्तीची झाली. त्याआधीच्या काळातल्या जीप आठवून ‘चावी म्हणजे चावी’ म्हणणारे अजून खूप आहेत.

सेल आणि बॅटरी यांचा गोंधळ तर रोजचा. रिमोटमधला सेल बहुधा सीआर २०३२, ३ व्होल्टचा, २० मिलिमीटर रुंद आणि ३.२ मिलिमीटर जाड. घड्याळाच्या दुकानात मिळतो. तो संपला तर वर सांगितलेला उपाय पुरतो. पण गाडीची १२ व्होल्टची बॅटरीच बसली, तर पात्यानं फक्त ड्रायव्हरचं दार उघडेल, इंजिन चालू होणार नाही. तरी ते दार उघडणं फार मोलाचं, कारण बोनेटचा खटका आत असतो आणि बोनेट उघडल्याशिवाय जंपर केबल लावता येत नाही. ढकलून गाडी सुरू करायचा जुना उपाय ऑटोमॅटिक गिअरला चालत नाही, आणि बॅटरी पार बसलेल्या बटणस्टार्ट गाडीलाही नाही. चंद्रपूरचा उन्हाळा बॅटरीला फार छळतो. मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो, त्यात बॅटरीतलं पाणी उडतं, आतल्या जाळ्या गंजतात. दगा मात्र बहुतेकदा पुढच्या हिवाळ्याच्या सकाळी कळतो.

दुसरी चावी गाडीच्याच डॅशबोर्डात ठेवणारे लोक मी खूप पाहिले. गाडी चोरीला गेली तर विमा कंपन्या दाव्याच्या वेळी दोन्ही चाव्या मागतात, तेव्हा काय दाखवणार? ती दुसऱ्या माणसाच्या खिशात असावी. कपाटात पडून राहिलेल्या रिमोटचाही सेल हळूहळू उतरतो, पण चिप आणि पातं शाबूत असतात.

आणि सगळ्यांत घातक समज: मूल आत अडकलंय, पण घरून दुसरी चावी येईतोवर चालेल. उन्हात बंद गाडी काही मिनिटांत तापते आणि लहान मुलाचं शरीर मोठ्यांपेक्षा लवकर तापतं. पातं हाताशी असेल तर ताबडतोब वापरा. नसेल तर ११२ला फोन करायला कुणाला तरी सांगा आणि मुलापासून लांबची बाजूची काच तिच्या कोपऱ्यावर जड, टोकदार वस्तू मारून फोडा. पुढची मोठी काच फोडायला जाऊ नका, तिच्या दोन थरांमध्ये चिवट पापुद्रा असल्यानं ती तडकते पण निघत नाही. मूल बाहेर काढून सावलीत न्या, अंग ओल्या फडक्यानं पुसा आणि दवाखाना गाठा.