फुकट मिळणारा कोड आणि त्याच्या अटी

कॉम्प्युटर शिकलेली मुले आता आपल्या व्यापारी-कारागीर घरांतूनही आहेत. ‘तयार कोड फुकट मिळतो, त्यावर खेळ उभारून पैसे कमवू,’ असे मुलगा म्हणाला, तर वडीलधाऱ्यांनी आधी विचारावे, की मालासोबतच्या अटी वाचल्यास का? ‘मड’ नावाच्या खेळांत या प्रश्नावरूनच बरेच तंटे झाले.

मड म्हणजे केवळ शब्दांवर चालणारा, अनेकांनी एकाच वेळी खेळायचा खेळ. चित्र नाही, आवाज नाही. ‘उत्तर’ असे टाईप करायचे आणि पुढच्या खोलीचे वर्णन वाचायचे. पहिला मड १९७८ साली इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रुबशॉ यांनी सुरू केला, रिचर्ड बार्टल यांनी पुढे नेला.

१९९१ साली कोपनहेगन विद्यापीठातील पाच जणांचा ‘डिकूमड’ बाहेर आला आणि खूप पसरला. त्याचे कारण धंदेवाईकाला चटकन पटेल. यंत्र वेगळे आणि नक्षी वेगळी. मूळ प्रोग्रॅम सी भाषेत. खोल्या, राक्षस, वस्तू साध्या मजकुराच्या फाईलींत. प्रोग्रॅमला हात न लावता नवे जग उभे राहते. दुकानांचीही फाईल असते. दुकानदार कोणता माल घेतो, विकताना मूळ किमतीला कितीने गुणायचे, गिऱ्हाइकाकडून घेताना कितीने, आणि दिवसातून दोनदा उघडण्या-मिटण्याच्या वेळा. दुपारच्या सुट्टीचीही सोय झाली म्हणायची!

हा कोड फुकट होता, पण बेवारस नव्हता. त्यावर कोणत्याही प्रकारे नफा कमवायचा नाही, खेळात प्रवेश करताना मूळ कर्त्यांची नावे दिसलीच पाहिजेत, अशा अटी होत्या. डिकूवरून ‘मर्क’ झाला, मर्कवरून ‘रॉम’. रॉम वापरणाऱ्याला तिघांच्याही अटी लागू! नवे मजले चढवले म्हणून खालच्या जमिनीचा करार रद्द होत नाही. नावे पुसून पैसे घेणारे निघालेच, आणि वर्षानुवर्षे वाद चालले.

कल्पना घेणे मात्र वेगळे. १९९९ च्या ‘एव्हरक्वेस्ट’ या चित्रमय खेळाची धाटणी डिकूसारखी दिसल्याने कोड उचलल्याची शंका आली. २००० साली त्याच्या निर्मात्यांनी डिकूचा कोड वापरला नसल्याचे शपथेवर लिहून दिले आणि प्रकरण मिटले. धाटणी कोणाच्या मालकीची नसते, लिहिलेल्या कोडला मात्र मालक असतो.

ज्याला कमाईच करायची आहे, त्याने पायथन भाषेतला ‘एव्हेनिया’ पाहावा. त्याच्या बीएसडी परवान्यात धंद्याला मनाई नाही, फक्त मूळ परवान्याचा मजकूर सोबत ठेवावा लागतो. डिकूच्या कर्त्यांनीही २०२० साली आपला कोड एलजीपीएल या खुल्या परवान्याखाली आणला. पण मर्क-रॉमवाल्यांच्या स्वतःच्या अटी त्यामुळे आपोआप सुटत नाहीत. तेव्हा कोड उतरवून घेताना सोबतची परवान्याची फाईल कागदावर छापून घ्यावी आणि कामाला हात घालण्यापूर्वी जाणकाराला दाखवावी.